पाहुणी आषाढात आली

मी चोरखमाऱ्याची. इथे येऊन बसले खरी, पण जीव बांधीत अडकला आहे. धान कापून झाले, कडपा पडून आहेत आणि सकाळपासून आभाळ भरून आले आहे. मला बोलताना लांबण लावायची सवय आहे, म्हणून केंद्राच्या ताईंना सांगितले आहे की वेळ झाली की हात वर करा.

ताईंनी विषय दिला तो असा : परदेशातून सेवेसाठी येणारी मुले आणि त्यांना घरात ठेवून घेणारी गरीब माणसे. या विषयावर शिकलेली पुष्कळ माणसे बोलू शकतील. मला बोलावले ते एवढ्याचसाठी की तीन वर्षांपूर्वी अशी एक मुलगी आमच्या घरी महिनाभर राहिली, आणि मी त्या महिन्याचा हिशोब लिहून ठेवला. हिशोब लिहिला म्हणून माझ्या सासूबाई दोन महिने माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या. त्याचीच ही गोष्ट.

ज्यांनी आमचे गाव पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. चोरखमारा तिरोडा तालुक्यात. एका अंगाला मोठा तलाव, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचे जंगल. वाघ पाहायला येणाऱ्या लोकांना आमचे नाव जंगलाच्या गेटावर वाचायला मिळते, आणि त्यापुढे त्यांची गाडी झाडीत शिरते. आमच्या घरची दोन एकर धानाची शेती. आमचे यजमान सफारीच्या दिवसांत गाडीवर जातात. घरात सासूबाई, मुलगी तेव्हा सातवीत, मुलगा चौथीत. म्हणजे चारचौघांसारखे घर. उपाशी कोणी झोपत नाही, आणि पेटीत कधी पैसा उरत नाही.

त्या वर्षी ज्येष्ठात बाहेरच्या एका संस्थेची माणसे आली. परदेशातली चार मुले-मुली महिनाभर येणार, शाळेत इंग्रजी शिकवणार, गावकामाला हात लावणार, आणि गावातल्याच घरांत राहणार. त्यांना हवी होती पक्के संडास असलेली, आतून कडी लागणारी वेगळी खोली असलेली घरे. आमची घरकुलाची खोली नुकतीच झाली होती. आमचे घर त्यांच्या यादीत बसले. सासूबाईंनी मला विचारले, “ही पोर करायला काय येते?” मी म्हटले, “सेवा करायला.” त्या म्हणाल्या, “कोणाची? आजारी कोण आहे?”

हसू नका. हा प्रश्न पुढे मला पुष्कळ कामी आला.

आता तारखांकडे बघा. तिकडच्या कॉलेजांना मोठी सुट्टी असते ती जुलै-ऑगस्टात. म्हणून ती मुले येतात जुलैत. जुलै म्हणजे आपला आषाढ. आषाढात आपल्या घरी काय असते ते तुम्हाला सांगायला नको. मार्च-एप्रिलात वेचलेला मोह विकून झालेला असतो. मे महिन्यात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून तेंदूपत्त्याचे जे पैसे मिळाले ते बियाण्याला, खताला आणि पोरांच्या वह्यांना गेलेले असतात. पावसाळ्यात जंगलाची सफारी बंद, म्हणजे गाडीवरची मिळकतही बंद. तांदूळ घरात असतो, रेशनचाही येतो, पण रोकड म्हणाल तर शून्य. तेल, डाळ, साबण सगळे दुकानदाराच्या वहीवर. आणि याच दिवसांत रोवणी. बाईमाणसाला वर्षातली सगळ्यात जास्त रोजी मिळते ती याच चार आठवड्यांत. त्यांची सुट्टी आणि आपली ओढाताण एकाच महिन्यात येते, हे त्या संस्थेच्या माणसांच्या ध्यानात आले नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याही आले नव्हते. मी हो म्हटले होते.

पाहुणी आली. बावीस वर्षांची, उंच, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. स्वभावाने गरीब. आल्या दिवशी सासूबाईंच्या पाया पडली, कोणीतरी शिकवले असणार, पण नीट वाकून पडली. सासूबाईंनी त्याच क्षणी तिला घरची मानली. आणि घरची मानली म्हणजे काय केले, तर तिच्यासाठी सगळे वेगळे सुरू केले. तिला आपले पाणी चालणार नाही म्हणून पाण्याचे कॅन. तिला सकाळी भात कसा जाईल म्हणून पाव आणि अंडी. रविवारी कोंबडी. रात्री गरम पोळ्या, आमच्याकडे पोळी सणालाच. चुलीचा धूर तिच्या डोळ्यांना लागतो म्हणून तिचा स्वयंपाक गॅसवर, आमचा चुलीवर. खोलीत पंखा एकच, तो तिच्याकडे. यजमान आणि मुलगा छपरीत झोपू लागले.

यातले काहीही तिने मागितले नव्हते. तिला वाटत होते, हे लोक असेच खातात, असेच राहतात. माझ्या ताटात काय आहे हे तिला दिसायचे कारणच नव्हते, कारण मी जेवायला बसायची तेव्हा ती झोपलेली असायची.

शाळेतल्या कामाविषयी थोडक्यात सांगते. गुरुजींनी तिला रोज दोन तास दिले. पोरांना मजा आली, दोन गाणी पाठ झाली. महिन्याभरात कोणी इंग्रजी शिकत नाही, आणि ती काही शिक्षिका नव्हती. माझ्या मुलीची भीड मात्र मोडली. आज ती समोरच्याच्या डोळ्यात बघून चुकीचे इंग्रजी बोलते, आणि चुकीचे बोलायला लाजत नाही. तेवढा फायदा खरा.

दुसऱ्या आठवड्यात पाहुणीचे पोट बिघडले. तिरोड्याला दवाखान्यात नेले, सलाईन लागले. सासूबाई दोन रात्री तिच्या उशाशी बसून होत्या, पेज भरवत. तिकडे माझी दोन दिवसांची रोजी बुडाली. एकूण त्या महिन्यात माझे रोवणीचे नऊ दिवस बुडाले. तिचा डबा, तिचे कपडे, तिचा दवाखाना, कोणीतरी घरी हवेच ना. कोणीतरी म्हणजे मी.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाहुणी अंडे खात होती. माझा मुलगा समोर बसला होता, नऊ वर्षांचा. तो मोठ्याने बोलला, “माझ्या वाट्याचे अंडे रोज हीच खाते.” पाहुणीने माझ्या मुलीला विचारले, हा काय म्हणाला? माझी मुलगी सरळ. नुकतेच इंग्रजीत वाक्य जुळवायला शिकलेली. तिने जसेच्या तसे सांगितले.

पाहुणीच्या हातातला घास खाली आला. पुढचे दोन दिवस तिने अंड्याला हात लावला नाही. सासूबाईंना वाटले माझ्या हातचे हिला आवडेनासे झाले. त्या रुसल्या. नातवाला दोन रट्टे मिळाले ते वेगळेच. घरात चार माणसे आणि चौघांची तोंडे चार दिशांना.

त्या रात्री वीज गेली होती. छपरीत कंदील ठेवून आम्ही तिघी बसलो, मी, पाहुणी आणि मध्ये दुभाषी म्हणून मुलगी. पाहुणीने विचारले, “मी नसते तर तुम्ही आज काय जेवला असता?”

मी आधी खोटे बोलणार होते. मग मुलीकडे पाहिले. आपली आई खोटे बोलते आहे आणि ते खोटे आपल्याला इंग्रजीत सांगायचे आहे, हे तिच्या तोंडावर दिसत होते. मग खरे सांगितले. भात, पातळ वरण, सांदवाडीतली भाजी असली तर भाजी, नाहीतर जवसाची चटणी. तलावाची मासळी मिळाली तर त्या दिवशी सण. अंडी आठवड्यातून एकदा, पोरांपुरती.

मग तिने सांगितले. इथे येण्यासाठी तिने तिकडच्या एका कंपनीला पैसे भरले होते. आपल्या पैशात सव्वा लाखाच्या वर. विमानाचे वेगळे. यजमान कुटुंबाचा खर्च त्यात धरला आहे असे तिला कागदावर लिहून दिले होते. आम्हाला सांगितले होते रोजचे दोनशे रुपये, तेही काम संपल्यावर. तोवर एक पैसा आला नव्हता. सव्वा लाख आणि दोनशे यांच्यामध्ये किती माणसांचे हात होते ते तिला ठाऊक नव्हते आणि मलाही.

मला तिचा राग आला. खोटे कशाला बोलू? सव्वा लाख देऊन कोणी माझ्या घरी यावे, आणि माझ्या पोराचे अंडे जावे. आणि तिला माझा राग आला असणार, कारण तीन आठवडे मी हसत वाढत होते. ती रडली. मी नाही रडले, मला पहाटे उठायचे होते.

सकाळी मी मुलीच्या वहीतले पान फाडले आणि हिशोब मांडला. दुकानदाराच्या वहीवर तिच्या नावाने झालेली उधारी ३,८६० रुपये. पाण्याचे कॅन ४२० रुपये. माझी बुडालेली रोजी, नऊ दिवसांची, तीनशेच्या दराने २,७०० रुपये. बेरीज ६,९८०. गॅस आणि घरच्या दोन कोंबड्या धरल्याच नाहीत. सासूबाईंच्या दोन रात्री तर कशात धरणार? पुढे संस्थेकडून आम्हाला मिळाले ४,००० रुपये, गणपती झाल्यावर.

हे पान सासूबाईंनी पाहिले. त्यांना वाचता येत नाही, पण आकडे कळतात. त्या म्हणाल्या, “पाहुण्याच्या ताटाचा हिशोब लिहिलास? उद्या मी दोन घास जास्त खाल्ले तर माझाही लिहिशील.” आणि त्यानंतर, मघाशी सांगितले तसे, दोन महिने कामापुरते बोलणे.

बहिणींनो, मी बरोबर आणि सासूबाई चूक असे मी तुम्हाला सांगायला आलेले नाही. त्यांचे म्हणणे मला आजही टोचते. पैसे घेतले की पाहुणा गिऱ्हाईक होतो. आणि गिऱ्हाईक झाला की तो पाया पडणार नाही, तक्रार करेल. त्यांनी आयुष्यभर जी एक गोष्ट कोणापुढे न वाकता केली ती म्हणजे दारी आलेल्याला जेवू घालणे. गरिबाच्या घरात दानाची ताकद असते ती एवढीच. ती मी दोनशे रुपये रोजावर आणून ठेवली. पण मला हेही विचारायचे आहे की ते दान नेमके कोणाच्या ताटातून गेले? सासूबाईंच्या गेले, माझ्या गेले, नातवाच्या गेले. यजमानांच्या ताटातून काय कमी झाले ते मी सांगत नाही. ते हा कार्यक्रम ऐकत आहेत.

उरलेला आठवडा मात्र चांगला गेला. तिने चुलीवरचे जेवण सुरू केले. आपले ताट आपण घासू लागली. पाणी उकळून गार करून प्यायली, पोट बिघडले नाही. आणि रोवणीला आली. त्याची गोष्ट ऐका.

चिखलात पाय घातल्याबरोबर एक चप्पल कायमची गेली. रोपे अशी लावली की आम्ही पुढे सरकलो आणि मागे तिची रोपे पाण्यावर तरंगू लागली. बाया हसून हसून वाकल्या. रोवणीत तशाही वाकलेल्याच असतात. एका म्हाताऱ्या मावशीने सांगितले, “हिला पेंढ्या फेकायला लावा, हात लांब आहेत.” आणि ते काम तिला छान जमले. धुऱ्यावर उभी राहून ती पऱ्ह्यांच्या पेंढ्या नेमक्या आमच्या हाताशी फेकायची. संध्याकाळपर्यंत बाया तिला नावाने हाक मारू लागल्या. तोवर ती सगळ्यांची नुसती ‘पाहुणी’ होती.

पण तिथेही एक गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतमालकाने निरोप पाठवला, त्या पोरीला आमच्याकडेही पाठवा. फुकटचे दोन हात कोणाला नकोत? मावशीच म्हणाली, “ती बिनरोजीने पेंढ्या फेकणार, मग माझ्या नातसुनेची रोजी कोण देणार?” नातसून त्या शेतात तेच काम करत होती. आम्ही पाहुणीला समजावले. तिला लगेच कळले. मग ती फक्त आमच्या दोन एकरांत आली. सेवा म्हणून केलेले फुकट काम कोणाची तरी रोजी मारते का, हा प्रश्न मी तोवर कुठल्या भाषणात ऐकला नव्हता. तो त्या मावशीने धुऱ्यावर उभे राहून विचारला.

आणखी एक घोळ सांगते, कारण तो तुमच्या अंगाशी येऊ शकतो. परदेशी माणूस आपल्या घरी मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ठरलेला फॉर्म भरून कळवावी लागते. हे काम घर ज्याचे त्याच्या नावावर असते. आमच्यासाठी तो कोणी भरलाच नव्हता. पोलीस पाटील चौकशीला आले तेव्हा यजमानांना घाम फुटला. निभावले, पण उगाच. आणि पर्यटक म्हणून येणाऱ्या माणसाला असे बिनमोबदल्याचे काम एक महिन्यापुरतेच करता येते. मुक्काम लांबवायचा आग्रह करण्याआधी ठाण्यात विचारून घ्या.

पाहुणी गेली. जाताना ती माझे हिशोबाचे पान घेऊन गेली आणि तिने ते त्या कंपनीला पाठवले. बाकीचे पैसे काही आले नाहीत. ती माणसे मात्र पुन्हा आमच्या गावाकडे फिरकली नाहीत. गावातल्या काही लोकांनी त्याचा दोष मला दिला. म्हणाले, चार पैसे येत होते, हिने वाट बंद केली.

मग हा विषय आमच्या बचत गटाच्या बैठकीत निघाला. एकीने विचारले, “ह्या गोऱ्या पोरी आपल्याकडे सेवेला येतात. आपल्याकडचे कोणी कधी कोणाच्या देशात गेले का?” मला माहीत नव्हते. गावचे निवृत्त गुरुजी दाराशी उभे होते, त्यांनी सांगितले ते तुम्हालाही सांगते.

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली ते चीनला गेले, तेव्हा वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. जपानने चीनवर स्वारी केली होती. चिनी सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर मागितले होते. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्या पाचांत आपल्या नागपूरचे डॉक्टर चोळकर होते. तिकडे येनानला माणसे डोंगर कोरून केलेल्या घरांत राहत होती, हे लोकही तिथे राहिले. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस मागे राहिले. खेड्यापाड्यांत, शेतकऱ्यांमध्ये, जिथे रोजचे अन्न म्हणजे राळे. चिनी भाषा शिकले, बोलायला आणि वाचायलाही. दवाखान्याचे प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. मुलगा झाला. आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ साली सिनेमा काढला. आमच्या सासूबाईंच्या वयाच्या माणसांना तो ठाऊक आहे.

बैठकीत बायांनी यातून काय उचलले ते सांगते, कारण मला वाटले होते बाया म्हणतील, केवढा त्याग! तसे कोणी म्हणाले नाही. एकीने म्हटले, “त्यांना तिकडच्यांनी बोलावले होते.” दुसरी म्हणाली, “त्यांच्या हातात काम होते, डॉक्टर होते.” तिसरीने म्हटले, “भाषा शिकले ना, मग घरच्या बाईचे बोलणे कळले असेल.” बस. मला सासूबाईंचा प्रश्न आठवला. सेवा कोणाची, आजारी कोण आहे?

गुरुजींनी आणखी एक नाव सांगितले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची आई, लिलियन कार्टर. त्या परिचारिका होत्या. १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरमधून मुंबईला विक्रोळीला आल्या आणि गोदरेजच्या वसाहतीत जवळपास दोन वर्षे दवाखान्यात काम केले. अडुसष्ट! त्या वयात आपल्याकडे बाई सुनेच्या हातचा चहा बरा झाला नाही म्हणून बसलेली असते. (माझ्या सासूबाई नव्हे हो, त्या स्वतःचा चहा स्वतः करतात.) पीस कोअरच्या लोकांना राहण्या-खाण्यापुरता भत्ता त्यांचे सरकार देत असे. कोणाच्या चुलीवर भार नव्हता.

आणि इतक्या लांब कशाला जायचे? आपल्या कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची मुले हिवाळ्यात गावोगावी सात दिवसांच्या शिबिराला येतात. शाळेत झोपतात, स्वतः रांधतात, उरलेले कुत्र्याला घालून जागा झाडून जातात. कोणा बाईची रोजी बुडत नाही. मात्र आपण त्यांच्यातल्या एकालाही नावाने ओळखत नाही, हेही आहे. कोणाच्या घरी राहिल्याशिवाय ओळख होत नाही. पाहुणी शाळेत राहिली असती तर माझ्या मुलाचे अंडे वाचले असते, आणि माझ्या मुलीचे इंग्रजी राहिले असते.

आता आजची गोष्ट. गेल्या आठवड्यात तिचा फोनवर निरोप आला. मुलीने वाचून दाखवला. तिला पुन्हा यायचे आहे, मैत्रीण घेऊन, डिसेंबरच्या शेवटी, मध्ये कोणी कंपनी नको, सरळ आमच्याकडे. तिने विचारले आहे : कधी येऊ, किती पैसे देऊ, कोणाच्या हातात देऊ, आणि तुम्हाला आमचा काय उपयोग आहे?

हे शेवटचे तिने विचारले याचे मला बरे वाटले. डिसेंबरचे दिवस आपल्याकडे चांगले. धान घरात आलेले, मंडया संपत आलेल्या, सांदवाडीत पोपटाच्या शेंगा, तलावावर बाहेरचे पक्षी उतरलेले, सफारी चालू. घरच्या बाईला श्वास घ्यायला जागा असते.

गटाने मिळून एक कागद केला आहे. तो मुलीने इंग्रजीत उतरवला. रोजचे पैसे किती ते ठरवून पहिल्याच दिवशी, घरच्या बाईच्या खात्यावर. पुरुषाच्या नाही. जेवण घरात जे शिजेल ते, वेगळे काही मागवायचे नाही आणि आपणही वेगळे करायचे नाही. ही दुसरी अट पाळायला आपल्यालाच जड जाणार आहे. आपले ताट, आपले कपडे आपण. दुसऱ्याच्या शेतावर बिनरोजीने काम नाही. चूल, अंगण, पोरे यांचा फोटो विचारून. गेल्या वेळी तिने माझ्या मुलीचा फाटक्या फ्रॉकमधला फोटो काढून तिकडे मैत्रिणींना पाठवला होता. मुलगी आठ दिवस गप्प होती. पाहुणीच्या मनात वाईट नव्हते, पण फ्रॉक मुलीच्या अंगावर होता. मुक्कामाचा तो फॉर्म आल्या दिवशी. पहाटे एकटीने जंगलाकडे जायचे नाही, अस्वल इंग्रजी जाणत नाही. आणि घरात कोणी आजारी असले, बाळंतपण असले, सुतक असले, तर नाही म्हणायचा आपल्याला हक्क. त्यात संकोच नाही.

उपयोगाविषयी गटात अजून वाद आहे. कोणी म्हणते पोरांना इंग्रजी शिकवू दे. कोणी म्हणते मोबाइलवरून बँकेचे आणि अर्जांचे काम बायांना शिकवू दे. पण ते इंग्रजी माणसाने मराठी बाईला कसे शिकवायचे? त्यापेक्षा माझी मुलगी शिकवेल, ती आता दहावीत आहे. मावशी म्हणते, काही शिकवू नका, नुसते राहू द्या, ती तिकडे जाऊन आपली गोष्ट खरी सांगेल तेवढे पुरे. मला मावशीचे पटते, आणि नाहीही पटत. फुकट राहणे असेल तर पाहुणी म्हणावे, सेवा कशाला म्हणायचे?

सासूबाईंना कागद वाचून दाखवला. त्यांनी सगळ्या अटी शांतपणे ऐकल्या. मग म्हणाल्या, “पहिल्या दिवशीचे जेवण मात्र हिशोबात धरायचे नाही. ते माझे.” मी म्हटले, बरे. त्या म्हणाल्या, “आणि जायच्या दिवशीचेही.” मी म्हटले, तेही बरे. त्या पुढे बोलणार होत्या, मीच उठले. नाहीतर महिनाभराची सगळी जेवणे गेली असती.

ताईंनी हात वर केला आहे. तेवढे एक सांगते. या शनिवारी दुपारी आमच्या गटाची बैठक समाजमंदिरात आहे. आसपासच्या गावांतल्या ज्या बायांनी असे पाहुणे घरी ठेवले आहेत किंवा ठेवायचे आहेत त्यांनी यावे. येताना आपल्या नावाचे पासबुक घेऊन या, खाते चालू आहे की बंद पडले तेवढे आधी बघू. आणि मागच्या वेळचा हिशोब कोणी लिहून ठेवला असेल तर तोही. पाऊस आला तर बैठक आमच्या छपरीत होईल. मी निघते, कडपा गोळा करायच्या आहेत.